सहा नंबरची डिस्क

कुमासी, १२ ऑगस्ट

प्रिय क्वासी,

थोरल्या मामेबहिणीचे आशीर्वाद. इथे सगळे बरे आहेत. तू तेमाहून पाठवलेला नवा कॉम्प्युटर सोमवारी पोचला, काच शाबूत आहे. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, रस्ताभर याला शेजारच्या सीटवर बसवून आणलंय. एका शब्दाने तक्रार नाही याची."

बाबांच्या नऊच्या नऊ हार्ड डिस्क कपाटातून खाली काढल्या. प्रत्येकीवर त्यांनी लाल नेलपॉलिशने नंबर घातलाय. शेजारच्या सलूनमधली देदे दारात येऊन म्हणते, "अगं, एका कॉम्प्युटरला नऊ बायका? कसा नांदवायचा तो?" त्यांतलं सगळं चित्रण नव्या कॉम्प्युटरवर घ्यायचं काम सावकाश चाललंय. दुपारी लाइट जाते आणि अर्धी आलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते. पण जमेल. वीस वर्षं बाबांच्या हाताखाली काढली आहेत मी.

कॉम्प्युटरसोबतच्या चिठ्ठीत तू मला 'माझ्या मुली' असं लिहिलंस. रीत मला ठाऊक आहे. मामा गेला की भाचा त्याच्या जागी बसतो. स्टुडिओ त्याचा, कॅमेरे त्याचे, आणि मामाची मुलंही त्याची. तुमच्या कुळाच्या वडीलधाऱ्यांनी जमिनीवर मद्य ओतून, पूर्वजांना सांगून तुला बसवलं, तेव्हा मी पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होते. पण क्वासी, मी त्रेचाळीसची आणि तू अडतीसचा. तुझं नाक मी पुसलेलं आहे. मुलगी म्हणताना निदान थोडं हसायचंस तरी.

आता तू मुद्दाम विचारलंस ते. सेरवाआत्याच्या अंत्यविधीचं चित्रण सहा नंबरच्या डिस्कवर होतं. ती डिस्क उघडत नाही. लावली की टकटक करते आणि गप्प होते. आत्या गेली तेव्हा तू इटलीत कागदपत्रांवाचून अडकलेला होतास, स्वतःच्या आईला माती देता आली नाही तुला. चित्रण पाठवा म्हणून किती विनवण्या केल्यास. बाबा एकच म्हणायचे, "मातीचं चित्रण पोस्टाने जात नाही. क्वासी घरी येईल आणि माणसांत बसून बघेल." त्यात अकरा वर्षं गेली, आणि तू परत येईपर्यंत बाबाही गेले. मला फार वाईट वाटतं. पण यंत्रापुढे कोणाचं काय चालतं? बाकीचं सगळं शनिवारपर्यंत होईल.

तुझी मामेबहीण,
आफ्रिये

* * *

कुमासी, १९ ऑगस्ट

क्वासी,

तुझा फोन दोनदा आला. उचलला नाही, कारण माझ्या आवाजावरूनच तू लगेच ओळखलं असतंस. मग तुझा निरोप आला, की तेमात डिस्क दुरुस्त करणारा एक माणूस सापडलाय, बसने पाठवून दे. म्हणून हे लिहायला बसले.

डिस्क बिघडलेली नाही. टकटक मी माझ्या पदरची घातली. गेला आठवडाभर ती माझ्या हातपिशवीत, रुमालात गुंडाळलेली आहे.

काल देदेकडे वेण्या घालायला गेले होते. तिने बसायला जागा करायला म्हणून पिशवी सरकवली, तर मी ओरडलेच तिच्यावर. "एवढं काय आहे हिच्यात? नवरा लपवलायस?" मी म्हटलं, हार्ड डिस्क आहे. "दुकानाची ना? मग दुकानात राहू दे की." आणि वेणी ओढत हळूच म्हणाली, "का भावाने मागितली म्हणून फिरायला निघालीय ती?" ही बाई केसांत हात घालते, पण बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवते.

मग सरळच लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. स्टुडिओचा नाही. माझ्या मामाकडून मलाही शेताचा तुकडा मिळालाय, ज्याचं त्याच्या आईच्या कुळाकडून येतं, त्यात रडण्यासारखं काही नाही. मला तुझ्यामुळे पोटात दुखतं ते बाबांवरून.

ते चित्रण तीन तास दहा मिनिटांचं आहे, आणि बाबा कॅमेऱ्यामागून सारखे तुझ्याशी बोलताहेत. 'क्वासी, बघ, तुझे शाळेचे मास्तर आलेत, काठी टेकत आलेत.' 'क्वासी, मंडप वाऱ्याने उडत होता, चौघांनी धरून ठेवलाय.' 'क्वासी, ही कोण रडतेय ओळख बघू.' मी त्यांच्या शेजारीच उभी होते, कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून. तीन तासांत माझं नाव एकदा येतं. 'आफ्रिये, छत्री सरळ धर.'

आणि बाकीच्या आठ डिस्क मी तुझ्यासाठी कॉपी करत होते, अशी समजूत करून घेऊ नकोस. मी माझं नाव ऐकायला बसले होते. लोकांची लग्नं, बारशी, मयतं, वीस वर्षांची. 'आफ्रिये, वायर.' 'आफ्रिये, बाजूला हो, नवरी दिसत नाही.' तू तर त्यांच्याजवळ उणीपुरी चार वर्षं शिकलास आणि निघून गेलास. मी राहिले. राहणाऱ्याशी कोण कशाला बोलेल म्हणा, तो समोरच असतो.

शेवटची वीस मिनिटं मात्र माझी आहेत. पेटी बंद करण्याआधी मुलांनी आपापलं कापड आईजवळ ठेवायचं होतं. तू नव्हतास, म्हणून तुझ्या वाटचं कापड बाबांनी आणलं होतं. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि पुढे गेले. चित्र एकदाही हललेलं नाही, बघशीलच. बाबा पेटीपाशी थांबतात, कापड उलगडतात, मान वर करतात आणि कॅमेऱ्यात बघतात. म्हणजे माझ्याकडे. डोळे भरलेले. असं त्यांनी माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्या दिवशी मी चौकट सांभाळण्याच्या नादात होते, माझ्या लक्षात आलं नाही. आता चार वेळा बघितलं. माझ्याकडे बघत ते म्हणतात, 'क्वासी, हे तुझं. तुझ्या हाताने ठेवलंस असं समज, बाळा.'

परवा मी ते पुसून टाकणार होते. बोट बटणावर होतं. तू तुझ्या आईसाठी अकरा वर्षं थांबलायस हे मला माहीत होतं, आणि तरी बोट तिथेच होतं. मी तुझी दया येऊन थांबले असं समजू नकोस. पुसलं असतं तर बाबांची ती नजरही गेली असती, आणि माझ्याकडे दुसरी नाही.

फाईल आज नव्या कॉम्प्युटरवर घातली. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडून बघितली, पूर्ण आहे. मी खोटं लिहिलं, त्याची माफी मागते. तुला राग आला तर तो धरायचा तुला हक्क आहे.

शनिवारी ये. सगळ्यांना बोलावते, तुझ्याजवळ बसायला माणसं असतील. फुफू आणि सूप करून ठेवीन. तुझी आई दिसेपर्यंत मीही बसेन तुझ्या शेजारी. बाबा कापड घेऊन पुढे निघाले की मात्र मी उठून बाहेर जाईन. मला बोलवायला येऊ नकोस. ते तुझ्याशी बोलताहेत, तू ऐक.

तुझ्या मामांची मुलगी,
आफ्रिये