भाऊरावाला ऊब हवी

११ जानेवारी
आले एकदाची नावनला! आयर्लंडमध्ये आल्यापासून लिमरिकला चौघींच्या फ्लॅटमध्ये बाथरूमसाठी रांग लावायचे, आता अख्खं घर माझं एकटीचं. गावाबाहेर, शेतांच्या कडेला. सोमवारपासून नवी कंपनी. किल्ल्या देताना घरमालक पॉरिक म्हणाला, सगळं ग्रँड, म्हणजे झकास आहे, फक्त वरच्या छोट्या खोलीत काचेची पेटी पडलीय. 'युवर मॅन', म्हणजे आधीचा भाडेकरू, सामान न घेताच निघून गेला, फोनही उचलत नाही.

पेटी पाहिली. आत साप! मेलाय असं वाटलं, पाण्याचं भांडं तर कोरडं ठणठणीत. मग जीभ हलली.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "स्वरांगी, तू आधी त्या घराबाहेर हो, मग बोल." मला हसूच आलं.

१२ जानेवारी
निहारिका येऊन गेली. लिमरिकच्या मैत्रिणीची धाकटी बहीण, इथल्या प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने सापाला सरळ हातात घेतलं. बॉल पायथन, अजगराची लहान जात, माणसाला काही करत नाही. बरगड्या दिसत होत्या. जुनी कात सुटली नव्हती, अंगावर कागदासारखी चिकटून वाळली होती. दवाखान्यात जागा नाही, पण सांभाळायला कुणी असेल तर वाचेल म्हणाली. "ताई, यांना औषधाच्या आधी ऊब लागते. दिवा लावाच, पण घरही तापतं ठेवा. आणि रोज काय केलं ते लिहीत जा."

म्हणून आता त्याचंही याच वहीत लिहिणार. चेहरा कायम नाराज, तेव्हा नाव भाऊराव.

१८ जानेवारी
भाऊरावाला रोज कोमट पाण्यात बसवते. आज डोक्यावरचा कातीचा शेवटचा तुकडाही सुटला. खाली काय सुंदर तपकिरी सोनेरी रंग! संध्याकाळी चिमट्याने गोठवलेला उंदीर गरम करून पुढे धरला, आणि त्याने तो घेतला. मी जमिनीवर बसून चक्क रडले.

हीटिंग दिवसभर चालू असतं. माळ्यावर काहीतरी सरकल्यासारखं वाजतं. पॉरिक म्हणाला, फार दिवसांनी पाइप तापले की असंच होतं.

२३ जानेवारी
गरम पाण्याच्या टाकीचं कपाट जिन्याच्या वर आहे, इथे त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल काढायला उघडलं, तर टाकीच्या मागे कात. ओढत गेले, ती संपेचना. जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आली. माझ्या मांडीपेक्षा रुंद.

आधी कुणीतरी मोठाही पाळला असेल, जाताना नेला असेल. निहारिकाला फोटो पाठवला, पण ती सुट्टीवर आहे. कात कोरडी नव्हती. ओलसर होती. टॉवेलही दबलेले होते, कुणी वर बसून उठल्यासारखे.

२६ जानेवारी
आज पॉरिकला पुन्हा फोन केला, माळा बघून जा म्हटलं. उद्या वादळाचा रेड अलर्ट आहे, परवा येतो म्हणाला. हॉट प्रेसच्या दाराला खुर्ची लावून ठेवलीय. वेडेपणा आहे, कळतंय.

२७ जानेवारी, सकाळ
वादळ. ऑफिस बंद. समोरच्या रस्त्यावर झाड आडवं झालंय. वीज गेली. भाऊरावाचा दिवा विझला, म्हणून त्याला जॅकेटच्या आत, पोटाशी घेतलंय. घर भराभर गार पडतंय.

निहारिकाचा मेसेज आत्ता पोचला. दवाखान्यात त्या भाडेकरूचा दुसरा नंबर निघाला, त्यावर तो भेटला. त्याच्याकडे दोन साप होते. मोठा निसटला, सापडेना, म्हणून हा माणूस घाबरून पळून गेला. कुणालाच काही बोलला नाही. "ताई, तो माणसाला धरेल एवढा आहे. थंडीत सुस्त पडला असणार, आता घर तापल्यावर जागा झाला. लगेच बाहेर पडा."

उत्तर पाठवलं, गेलं नाही. रेंज नाही. गाडीची किल्ली खाली

दुपार
जिन्यात आहे तो. मी वरून तीन पायऱ्या उतरले आणि पाहिलं. कठड्यातून विणलेला, डोकं माझ्या दिशेने. हलला नाही. नुसती जीभ. खुर्ची आडवी पडली होती.

पळत छोट्या खोलीत आले. दाराची कडी लागत नाही — ड्रॉवरचं जड कपाट भिंतीपासून ओढून दाराला लावलं. खिडकीला कुलूप आणि किल्लीचा पत्ता नाही. दिव्याच्या स्टँडने काच मारली. दुहेरी काच, तडासुद्धा नाही. ओरडले. या वाऱ्यात कोण ऐकणार.

फोन बंद पडला.

भाऊराव पोटाशी गुंडाळी करून बसलाय.

नंतर
दाराखालून वास येतोय, ओल्या मातीसारखा. दार दबतंय. हळू. धक्का नाही, नुसतं वजन — कपाट बोटभर सरकलं. पाठ लावून बसलेय.

हे घर मी तापवलं, त्याला जागं केलं. मीच.

आता गार पडलंय घर. त्याला ऊब हवी. सगळ्या घरात गरम अशी एकच वस्तू उरलीय

थांबलं. दाराबाहेर काही नाही. वजनही नाही.

परत सरकतंय कुठेतरी. भिंतीच्या आत.

कपाट ओढलं तेव्हा मागची भिंत बघितलीच नव्हती — तिथे भोक आहे. पाइपांसाठी पाडलेलं, कडा घासून गुळगुळीत. मी आरामात जाईन एवढं.

कपाट परत तिथे लावलं तर दार उघडं. दार धरलं तर

भाऊरावाने डोकं बाहेर काढलंय. भोकाकडे बघतोय. त्याची जीभ

कपाट भोकाकडे ओढतेय, हलत नाहीये, माझ्या एकटीने नाही — आई गं हल — अर्धं आलं, अजून थोडंसं, आतून काहीतरी