चार सेकंदांचा निकाल

२ सप्टें. २००३
चाचणी झाली. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात दोन्ही सर्व्हर शेजारी मांडले. डिस्क सारखीच. तीच फाइल लिहायला दत्ताकाकांच्या विंडोजला एकतीस सेकंद, माझ्या लिनक्सला चार! चेअरमन खूश. काका काहीतरी सांगायला लागले, मी मध्येच तोडलं. मला कॉम्प्युटर शिकवला तो ह्याच माणसाने. असो. आकड्यांपुढे कोणाचं काय चालतं.

५ सप्टें.
समुद्रात गेलेल्या-आलेल्या होड्यांची नोंद आजपासून माझ्या मशिनवर. काकांची बदली बर्फाच्या कारखान्यात, लाद्या मोजायला. माझ्याकडे न बघताच गेले. वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

१८ सप्टें.
सकाळी वारा सुटला, लाइट गेली. लाइट गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणारी बॅटरी मिनिटभरही टिकली नाही. लाइट आल्यावर बघतो तर शेवटच्या सात होड्यांच्या नोंदी गायब! प्रत्येकीपुढे 'नोंद झाली' आलेलं मी स्वतः पाहिलंय. रुक्मिणीवयनी खिडकीशी. "रे, माझो घोव परत इलो काय? मशिनीत बघ मा." मशिनीत त्यांचा नवरा समुद्रात गेल्याचीच नोंद नाही. तीनपर्यंत सगळे सुखरूप आले. वयनी तोवर पायरीवर बसून.

१९ सप्टें.
पुन्हा चाचणी. ह्या वेळी फाइल डिस्कवर खरंच उतरेपर्यंत मशिनला थांबायला लावलं. तेहतीस सेकंद. म्हणजे त्या चार सेकंदांत डिस्कला हातच लागला नव्हता, नुसतं मेमरीत ठेवून मशिन 'झालं' म्हणत होतं. गाढव आहे मी.
काकांकडे गेलो. "माझा मशीन डिस्कर लिवल्याशिवाय 'झाला' म्हणणा नाय. मीच तसा लावलंय. हंय लायट जाता रे. ताच सांगी होतंय, तू ऐकलंस खंय?"

२२ सप्टें.
चेअरमनना सगळं सांगितलं. "कमिटीसमोर मी तुमची पाठ थोपटली. आता माझं हसं करणार?" त्यांचा अहवाल तयारच: दत्ताराम यांनी बॅटरीची देखभाल न केल्याने नोंदी गेल्या. खाली सही मी करायची. नाहीतर माझीही बदली.
ठाम नकार द्यायला हवा होता. "वाचून देतो" म्हणालो. लाज वाटते.

२३ सप्टें.
एसटी स्टँडवर काका. त्यांना अहवालाचं काहीच माहीत नाही. स्वतःहून जवळ आले. "बॅटरीत पाणी कोण घालता आता? मी दर सोमवारी घाली होतंय."
मी तर त्या बॅटरीचं झाकण कधी उघडलेलंही नाही.
आज अकरा वाजता चेअरमननी बोलावलंय. कागद अजून खिशात, सहीविना.