भागूच्या गाईची फॅट

निरगुडसर, ४ जून २०२४

ती. दादास, धाकट्या हिराचा सा. न. वि. वि.

डेअरीच्या कॉम्प्युटरनं मला मेटाकुटीला आणलंय. त्यात ते लिनक्स तूच टाकलंस, तवा तूच निस्तर. गवळ्यांची नावं दिसत न्हाईत. रिझोल्यूशन कमी केलं, तर अक्षरं मोठी झाली पण धुरकट. फोनवर सांगू नको, मी विसरते, लिहून पाठव. चेअरमन म्हणतात, झेपत नसेल तर दुसरं माणूस बघू. बारा वर्षं ती खुर्ची माझी हाय. सुटली तर घरात बसून करू काय?

लोभ हाये तो वाढव.
हिरा

खोडद, ८ जून

चि. सौ. हिरास अ. उ. आ.

येडे, रिझोल्यूशनला हात लावायचा नसतो! सेटिंग्जमधी डिस्प्ले उघड, ते परत १९२० गुणिले १०८० कर. मग खाली स्केल दोनशे टक्के. तरी बारीक वाटलं तर ॲक्सेसिबिलिटीत लार्ज टेक्स्ट चालू कर. इथं मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ऑफिसात साहेबांचे मॉनिटर मीच लावून देतो. दोष यंत्राचा हाय, तुझा न्हाई. तुझी वहिनी तुझ्या मासवड्यांची लई आठवण काढते.

मायेत अंतर नको.
दादाभाऊ

निरगुडसर, १९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

समदं केलं. अक्षरं बोराएवढी झाली. तरी काल घोटाळा झालाच. भागूच्या गाईला साडेतीनऐवजी साडेआठ फॅट लिहिली. भागूच्या गाईची म्हैस झाली म्हणून डेअरीत हसून हसून मेले. मीबी हसले. मग ध्यानात आलं, फॅट मी कॉम्प्युटरवर वाचतच न्हाई. शेजारच्या मशीनवर बघून टाईप करते. तिथले आकडे लाल, बोटभर उंच; त्यांना ना फॉन्ट, ना स्केल. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, तारीख दिसली न्हाई. भ्या वाटायला पायजे व्हतं. काहीच वाटलं न्हाई. घरी येऊन भाकरी थापल्या. हे पत्रबी अंदाजानंच लिहितेय.

आठवण ठेव.
हिरा

खोडद, २३ जून

हिरे, उद्याच्या उद्या लेकीला, अक्षदाला, घेऊन नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.
मी मॉनिटरलाच दोष देत बसलो. माझं चुकलं.
साखर कधी तपासली व्हतीस?
दादाभाऊ

निरगुडसर, १० जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

मी सांगते अन् अक्षदा लिहिते. साखरेनं डोळ्यांचा आतला पडदा खराब केलाय. इंजेक्शनं देऊन हाय ते राखायला बघू, गेलेलं परत यायचं न्हाई, असं डॉक्टर म्हणाले. अक्षदा रडली. मी तिला म्हणाले, चल, एसटी चुकेल. चेअरमनला मीच सांगून टाकलं. खुर्चीवर आता नवी पोरगी, प्रतिभा, बसते. तिनं पहिल्याच दिवशी अक्षरं परत बारीक केली. बरोबरच हाय, तिला एका पडद्यावर सगळं गाव दिसतं.

वहिनीला नमस्कार सांग, माया पातळ होऊ देऊ नको. अन् एक. तुझ्या मागच्या पत्रात पान भरून चारच ओळी हायेत, जाड मार्करच्या, असं अक्षदा म्हणाली. मी कागद नाकाशी धरला, तरी मधली अक्षरं गळतात. आता वाचणार तीच हाय, दादा. तवा नेहमीसारखं बारीक लिहीत जा, लई मावेल.

तुझी हिरा