बाबांच्या पातेल्याला तोटी

बर्गन, ११ मे

झिविलेताई,

मी बरा आहे, जेवतो वेळेवर. बाबांचा भाजलेला पाय कसा आहे? चालतात का?

मी इकडे मागवून घेतलेलं त्यांचं बिअर उकळायचं पातेलं आपल्या गावी, बिर्झाईला येणाऱ्या गाडीने परत पाठवतोय. बुडाजवळ भोक पाडून तोटी बसवली आहे. दोनदा पाणी उकळून पाहिलं, थेंबही गळला नाही. आता उकळता रस तोटीनेच काढायचा, पातेलं उचलायला नको.

बाबा म्हणतील, "तोटी कशाला? माझे हात गळून पडलेत का?" त्यांच्या हातांच्या थरथरीबद्दल चकार शब्द काढू नकोस. सांग, "तौत्विदासला उचलवत नाही, त्याने स्वतःसाठी बसवली." माझी टर उडवतील, पण वापरतील.

माझ्या खोलीतला रिमास म्हणाला, "म्हाताऱ्याला फसवतोस होय?"

ताई, ही फसवणूक नाही. मार्चमध्ये गोदीत शिडीवरून पडलो, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भोकसुद्धा रिमासनेच पाडलं, मी नुसतं पातेलं धरून बसलो. बाबा हसतील तेव्हा तूही हस. हे खरं आहे असं त्यांना वाटू देऊ नकोस.

तुम्हा दोघांची आठवण काढणारा,
तौत्विदास