वजीहने नेलेली टोपी

झहले, सोमवार, १० नोव्हेंबर १९९७

ओदेत वन्सं,

नाही, टोपी चोराने नेली नाही. चोराला काय करायचीय मेलेल्या माणसाची टोपी? फोनवर मी टोपी दिसत नाही म्हटलं, तुम्ही चोराचं विचारलंत आणि मी उत्तर द्यायच्या आत लाईन तुटली, म्हणून हे पत्र. नस्रीची टोपी उस्ताद वजीह वकिलाने नेली. आमचा ओसरीचा बोळ अंधारा, टोप्या दोन्ही सारख्या, चुकून नेली. तसं मी तुम्हाला त्या दिवशी म्हणाले असते, लाईन राहिली असती तर.

बाकी तुम्ही बऱ्या ना? गुडघा कसा आहे? साओ पावलोला म्हणे आता उन्हाळा लागेल. इकडे थंडी उतरलीय, नदीकाठची हॉटेलं मिटली, आणि तुमच्या भावाच्या तळघरात नवी वाईन पिंपात खदखदतेय. वरून कान लावला की ऐकू येते. तळघर किती लांबरुंद आहे ते तुम्ही मागे विचारलं होतंत. मी मोजलं नाही हो. मला वाटलं, साठाव्या वर्षी भावजयीच्या तळघराची लांबी कोणाला लागते? पेरूची वडी मिळाली. गोड आहे. फारच गोड आहे.

आता टोपीचं सांगते, म्हणजे तुमचा जीव थाऱ्यावर येईल.

नस्री गेला तरी त्याचे वकील दोस्त दर रविवारी येतात, हे तुम्हाला माहीत आहे. चर्चमधून थेट माझ्याकडे. लोक म्हणतात, मुन्तहाला वकिलांचा फार शौक. मी म्हणते, शौक त्यांना आहे, तो तीन गोष्टींचा, आणि त्यात मी नाही. वाईन, पुस्तकं, आणि जुन्या टोप्या. आपल्या ओसरीत नस्रीने चार खुंट्या ठोकल्यात, त्यांवर चौघांच्या टोप्या कायमच्या. म्हाताऱ्या इस्कंदरचा लाल तरबूश, त्याच्या आजोबांचा, गोंडा अर्धा झडलेला. नखलेची गवती टोपी, अलेक्झांड्रियाहून आणलेली. ती घातली की तो आईसक्रीम विकणाऱ्यासारखा दिसतो, आणि मी त्याला तसं सांगते. मग नस्रीची करडी फेल्टची. आणि तिच्याशेजारी वजीहची, तशीच करडी, तशीच काळी फीत. वजीह नस्रीच्या हाताखाली शिकून वकील झाला, तेव्हा नस्रीने बुर्ज हम्मूदच्या आपल्याच आर्मेनियन टोपीवाल्याकडून त्याला करवून दिली. लढाईत तो टोपीवाला गेला, दुकान गेलं, टोप्या राहिल्या.

ही माणसं उघड्या डोक्याने येतात, खुंटीवरून आपापली टोपी घालतात आणि जेवायला बसतात. पुस्तकं वाचतात आणि भांडतात. नखले कादंबरी शेवटच्या पानापासून वाचतो, निकाल आधी बघायची सवय. भांडण फार वाढलं की टोप्या बदलायच्या. दुसऱ्याची टोपी डोक्यावर आली की त्याचीच बाजू मांडायची, तीही त्याच्याहून चांगली. इस्कंदरने गवती टोपी घालून नखलेची बाजू मांडताना पाहिलंत तर पोट धराल.

आणि दुसरा नियम. जेवताना कोर्टाचं नाव काढायचं नाही. पण कोणी आपल्यापैकीच कुणाविरुद्ध खटला घेतला, तर तो काही बोलत नाही. जाताना आपली टोपी घरी घेऊन जातो. खुंटी रिकामी दिसली की बाकीच्यांनी ओळखायचं. निकाल लागला की टोपी परत, सोबत एक बाटली. नस्री म्हणायचा, तोंडाने सांगितलं तर अशिलाशी बेइमानी, न सांगितलं तर दोस्ताशी.

काल इस्कंदर आणि नखले आले. मी चुलीशी होते. नेहमी ते ओसरीत शिरले की खोकला, हसू, पायपुसणं. काल काहीच नाही. बाहेर येऊन बघते तर दोघे खुंट्यांसमोर उभे. वजीहची टोपी जागेवर. नस्रीची खुंटी रिकामी.

"वहिनी," इस्कंदर म्हणाला, "नस्रीची टोपी धुवायला काढलीस का?"

"फेल्ट कोणी धुतं का हो?" मी म्हटलं. "गेला असेल वरच्या कोर्टात. बायकोविरुद्ध फिर्याद असणार, मीठ कमी घालते म्हणून."

दोघांपैकी एकही हसला नाही. मला मात्र हसू आवरेना, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे.

"वजीह कुठाय?" नखलेने विचारलं.

"त्याची टोपी तर इथे आहे," इस्कंदर म्हणाला. "म्हणजे येईल." आणि मग स्वतःशीच, "का नाही येणार."

वाढलं. ताटलीत खिम्याचं किब्बे, मधे मिठाची वाटी, नस्रीच्या शेवटच्या वर्षाची वाईन. इस्कंदरने पुस्तक उघडलं आणि एकच ओळ दोनदा वाचली. नखले म्हणाला, "ही ओळ ऐकली आम्ही." इस्कंदर म्हणाला, "मग तू वाच." कुणीच वाचलं नाही. दोघेही जेवताना ओसरीकडे बघत होते. मी पण.

मग दार वाजलं. वजीह. आत येईना. हातात कागदी पिशवी. चेहरा असा की कुणी वारलंय.

"मादाम," तो म्हणाला.

वन्सं, या पोराने पंधरा वर्षं मला काकू म्हटलंय. त्याच्या लग्नात मी नाचले आहे. मादाम ऐकलं आणि माझे कान लाल झाले.

"मादाम, माझ्याकडून चूक झाली. काल बायकोने ब्रश मारायला टोपी काढली, तर आत उस्ताद नस्रींची अक्षरं. मी परत द्यायला आलोय. माझी घेतो आणि जातो."

झालं. त्याने तोंडानेच सांगितलं. आपली टोपी घेऊन जातो म्हणजे काय, ते तिथल्या तिघांनाही कळत होतं. खटला इस्कंदरवर नाही, नखलेवर नाही. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान हलवली. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. या घरात खटला लागायला चौथं माणूस मीच होते.

नखले उठला. "वजीह, लाज वाटत नाही? याच घरचं खाऊन?"

"बस खाली," इस्कंदर म्हणाला. म्हातारा बसल्या जागेवरून हलला नाही, पण आवाज कोर्टातला निघाला. "त्याने नियम पाळलाय. अशील कोण ते तो सांगणार नाही आणि आपण विचारणार नाही. पण वजीह, टोपी बदलायचाही नियम आहे. आठवडाभर कोणाची टोपी होती तुझ्या घरात?"

"उस्ताद, मी ती घातली नाही."

"मग आता घाल. दुसऱ्याची टोपी नेलीस, त्याची बाजू मांड. मग आपली उचल आणि जा. कोणी अडवणार नाही."

वजीहने माझ्याकडे बघितलं. मी म्हणायला हवं होतं, जाऊ दे, पोराला छळू नका. म्हटलं नाही. मी म्हटलं, "खुर्चीवर बसून मांड. उभ्याने नस्री कधी बोलत नसे."

त्याने टोपी घातली. नस्रीचं डोकं केवढं होतं ते आठवतं ना? वजीहच्या कानांपर्यंत आली. दुसरा दिवस असता तर मी म्हटलं असतं, अरे पातेलं काढ. तो नस्रीच्या खुर्चीवर बसला. बोलायच्या आधी नस्री पेला डावीकडे सरकवायचा. याने पेला डावीकडे सरकवला. शिकवून येत नाही हे, बघून येतं.

मग म्हणाला, "ताई."

एवढंच. नखलेचा घास हातात. नस्रीला एकच बहीण होती, आणि ती मोठी.

वजीहलाही कळलं काय निसटलं ते. चेहरा पांढरा झाला. पण टोपी डोक्यावर होती, आणि ही माणसं टोपी अर्ध्यात काढत नाहीत.

"ताई," तो म्हणाला, "तू बोटीत बसलीस तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. धक्क्यावर तू म्हणालीस, आईला बघ. मी बघितलं. मग हिने बघितलं, माझ्याहून बरं. शेवटी मलाही हिनेच बघितलं. घर बाबांच्या नावावर आहे, अर्धं तुझं आहे, यावर मी वाद घालत नाही. घालूच शकत नाही. पण घराचे दोन तुकडे होत नाहीत. कोर्ट ते लिलावाला काढेल, आणि हातोडा मारणारा विचारत नाही आत कोण बसलंय. तुझी नड असेल तर मला का नाही सांगितलंस? मी मेलो म्हणून? मग हिला सांग. ही खवट आहे, पण ऐकून घेते."

खवट म्हणाला मला. नस्रीचाच शब्द. माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही असं वाटत होतं.

चुलीवरचं उरलेलं किब्बे करपेल म्हणून मी आत गेले. आत कांदा चिरला. किब्ब्याला आणखी कांदा लागत नव्हता.

बाहेर आले तर वजीहने टोपी नस्रीच्या खुंटीवर टांगली होती. त्याची शेजारी होती तशीच. तिला त्याने हात लावला नव्हता. दारात उभा होता, रडवेला.

"काकू," म्हणाला, "मी जेवू का?"

मी मिठाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि खाल्ला. नखले एवढंच म्हणाला, "आता ती ओळ वाच रे इस्कंदर, तिसऱ्यांदा."

तुमचे कागद तो परत पाठवतोय. त्याच्यावर रागावू नका, नाव त्याने घेतलेलं नाही. नस्रीच्या ऑफिसबरोबर तुमची कामंही त्याच्याकडे आली, नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. तुम्ही बैरूतचा वकील करा, तुमचा हक्क आहे, मी काही रस्त्यावर आडवी पडणार नाही. झहलेत मात्र मिळणार नाही हं. इस्कंदरने आज सकाळी कोर्टाबाहेरच्या कॉफीवाल्याला सांगितलं, म्हणजे एव्हाना न्यायाधीशांच्या आत्यालाही कळलं असेल.

वन्सं, आता थट्टा पुरे. तुमच्या लेकाचा, फाहीदचा, कारखाना बसला, हे मला पेरूच्या वडीबरोबर कळवलं असतंत तर मी वडी तरी पुरवून खाल्ली असती. मला ते कळलं पाव भाजणाऱ्या फुर्नवालीकडून, तिला तिच्या भाच्याकडून. घर मी सोडू शकत नाही. मी गावच्या शाळेत नन मास्तरणीच्या छडीखाली शिकलेली बाई, मला कुठे जाता येत नाही. भीती वाटते. रात्री पिंपं खदखदतात, तेवढीच सोबत.

पण वरचा द्राक्षमळा आपल्या दोघींचा आहे. तो विका. आपल्या घरावर डोळा ठेवलेल्या नदीकाठच्या हॉटेलवाल्याला ते हवं होतं तळघरासाठी नाही, उतारावरून खालची नदी दिसते त्यासाठी, आणि ती मळ्यातून आणखी छान दिसते, हे मी त्यालाच दोन प्याले पाजून काढून घेतलं. मी सही करते. सगळे पैसे फाहीदला द्या, माझा वाटा नको. पुढच्या हंगामापासून वकिलांना मी विकतची वाईन पाजीन. इस्कंदर नाक मुरडेल, मुरडू दे. मोबदल्यात घरातला तुमचा अर्धा माझ्या नावावर करा. आणि स्वतः या. वजीह दोघींचा कागद करील, खुंटीवरून टोपी न काढता.

एक राहिलं. पहिल्या पानावर लिहिलंय की वजीहने अंधारात चुकून टोपी नेली. वजीहला तसंच वाटतं, इस्कंदरलाही. कालच्या आधीच्या रविवारी तो माझ्या घरी मीठ न खाता पानावरून उठला, पोट दुखतंय म्हणाला. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं म्हणून न खाता उठणारी माणसं मी पाहिलीत. मी म्हटलं, थांब, कॉफी ठेवते. आणि चुलीकडे जाता जाता खुंटीवरच्या दोन्ही टोप्या मी बदलल्या. तो गेल्यावर उरलेली त्याची टोपी परत त्याच्या खुंटीवर लावली.

वजीहला सांगू नका.

अजून याच घरात राहणारी
तुमची खवट भावजय
मुन्तहा