चव्वेचाळिसाव्या वर्षीची चढाई

३ नोव्हेंबर
शुगर बॉर्डरवर! डॉक्टर रश्मी मॅडमनं रिपोर्ट पाहून चष्मा काढला, तवाच समजलं. "संघप्रियाताई, अजून झाली नाई. पण उंबरठ्यावर आहे."
आईले बी अशीच सुरू झाली होती. मंग पायाचं बोट गेलं. मंग पाय.
मी नाई देणार पाय. नाई म्हणजे नाई!

४ नोव्हेंबर
अंकुश म्हणतो, भात सोड, घरातल्या घरात फिर. नवरा खाणीत मशीन चालवते आन बायको किचनपासून मोरीपर्यंत चालते — वा! बाहेर जावं त घुग्घुसचा रोड. कोळशाचे ट्रक. चालून आली की रुमाल काळा.

९ नोव्हेंबर
मॅडमले विचारलं, चालणंच काऊन? म्हणाल्या, चालणं चांगलंच, पण ताकद लागते असंही काही करा. मोठे स्नायू कामाले लावा. ते रक्तातली साखर ओढून घेतात. आन स्वतःच रक्तात काही रसायनं सोडतात, हार्मोनसारखी — लिव्हरले, चरबीले निरोप धाडतात. सगळं अजून उलगडलं नाई म्हणे, संशोधन चालू आहे.
घरी येऊन मांडीवर थाप मारली. लग्नाआधी अशीच थाप मारून चढाईले जायची मी! शाळेत माह्याएवढे पॉइंट आणणारी कोणी नव्हती.

१० नोव्हेंबर
शेजारच्या अंजुमले सांगतलं. दिवसभर शिलाई मशीनवर बसते, तिलेही शुगर. "मेरे को कहाँ आती कबड्डी?" म्हटलं, मी शिकवते. हसून हसून दोघींच्या डोळ्यात पाणी.

१८ नोव्हेंबर
विहाराच्या मागच्या मैदानावर चुन्यानं लाइन मारली. ट्रॅकपँट घालून निघाली त अंकुश दारात.
"या वयात? लोक काय म्हणतीन?"
"म्हणू दे."
"माह्या शिफ्टचे लोक तिथून जातेत!"
"मंग त्याहीले सांग, टाळ्या वाजवा."

१९ नोव्हेंबर
पायऱ्या उतरता येऊन नाई राह्यल्या. मांड्या बोंबलून राह्यल्या. मस्त!

१२ डिसेंबर
खेळ चालू असतानाच वॉर्डातले गुणवंतराव भाऊ मैदानावर समजावाले आले. "बाई, योगा करा. बसल्या जागी होते." म्हटलं, बसल्या जागीच त शुगर वाढली, भाऊ! तेवढ्यात अंजुमनं मले धरून आडवं पाडलं. कोपर फुटलं. तरी हात लाइनीवर — पॉइंट माझा!

५ जानेवारी
तांदळाचं पोतं एकटीनं उचलून आत ठेवलं. अंकुश पाहतच राह्यला.

२२ फेब्रुवारी
तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आला. वाढली. उंबरठा ओलांडला.
मॅडम म्हणाल्या, "आईकडून आलेलं आहे, ताई. खेळल्या नसत्या त कदाचित याहून जास्त असती. गोळी सुरू करू. खेळ सोडू नका."
दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. लोक पाहून राह्यले होते. पाहू दे.

२३ फेब्रुवारी
रागानं नाई, मायेनंच म्हणाला अंकुश, "इतकी पडली, धडपडली. काय फायदा झाला? आता त सोड."
"शुगरसाठी कोण खेळून राह्यलं?"
माह्याच तोंडून निघालं. तोपर्यंत मलेही माहीत नव्हतं.