वळणावरच्या डहाळ्या

चंद्रपूर, रविवार

बाबा, तुमाले अन् मायले अन्नपूर्णाचा जोहार.

मी बरी आहो. होस्टेलचं जेवण चांगलं आहे. मायचा गुडघा कसा आहे? मोहा वेचणं सुरू झालं का?

माहं डोकं मात्र तापलं आहे. मागच्या रविवारी एकटी बजारात निघाली. तुमी जंगलात करता तशी दर वळणावर एक डहाळी ठेवत गेली. वापस येतानी पाह्यते त झाडूवाल्या बाईनं सगळ्या झाडून नेल्या! मग किल्ल्याची भिंत धरून, लोकायले इचारत चालली. चारही दरवाजे पाह्यले. होस्टेलवर पोचाले दोन घंटे उशीर झाला.

सोमवारी सर्वेअरच्या वर्गात सरांनी शहराचा नकाशा काढाले लावला. मी पुस्तक न पाहता काढला. सर म्हणे, "कुठी शिकली वं?"

"हरवली तवा," मी म्हटलं.

तरी वॉर्डनबाई म्हणते, खोलीत बसून अभ्यास कर. नकाशा काय खिडकीतून शिकू? लहानपणी मी जंगलात चुकली, तवा तुमी दुसऱ्याच दिवशी मले परत एकटीले धाडलं होतं.

"मुलगी एकटी बाहेर जाणार नाही" असा फॉर्म मी सोबत धाडून राह्यली. बाईले त्याच्यावर तुमची सही पाहिजे.

तुमाले काळजी वाटन, मले मालूम आहे. पण बाबा, सही करू नका.

तुमची,
अन्नपूर्णा